तपास आमच्या डोळ्यांदेखत व्हावा
‘दृश्यम’च्या कर्त्यांस खुले पत्र

‘दृश्यम’ ह्या हिंदी चित्रमालेचे निर्माते, दिग्दर्शक व पटकथालेखक यांस,



पत्रास कारण की, ‘दृश्यम’च्या तिसऱ्या भागाची आपण केलेली घोषणा वाचनात आली, आणि दुसरा भाग पाहिल्यापासून मनात जे साठून राहिले आहे ते आत्ताच आपल्या कानांवर घातले नाही तर मागाहून घालण्यात काही अर्थ उरणार नाही, असे वाटून हा मजकूर लिहावयास घेतला. आपला दुसरा भाग १८ नोव्हेंबर २०२२ रोजी प्रदर्शित झाला, त्याने दोनशे कोटींहून अधिक रुपयांचा धंदा केला, आणि ह्या यशामुळे आपणांस कोणाच्या तक्रारीची दखल घेण्याचे प्रयोजन उरले नसेल, हे मी जाणतो. तथापि ज्यांनी तिकीट काढून तो चित्रपट पाहिला, काही ठिकाणी मनापासून दाद दिली आणि तरीही जे घरी परतताना अस्वस्थ होते, अशांची संख्या आमच्या खानदेशात थोडी नाही, आणि त्यांच्या वतीने कोणी तरी दोन शब्द लिहावेत हे योग्य आहे.

प्रथम आम्ही कोण ते सांगतो. जळगावच्या वल्लभदास वालजी वाचनालयात किंवा धुळ्याच्या गरुड वाचनालयात बसून ज्या पिढ्यांनी बाबूराव अर्नाळकरांचे झुंजार आणि काळापहाड वाचले, पुस्तक परत करण्याची मुदत संपण्यापूर्वी ते घरातल्या चौघांनी आळीपाळीने संपवले, आणि खुनी कोण हे शेवटच्या पानापूर्वी ओळखल्याचा अभिमान आठवडाभर मिरवला, त्या पिढ्यांचे आम्ही वारस आहोत. अर्नाळकरांनी हजाराहून अधिक रहस्यकथा लिहिल्या. त्यांतल्या सगळ्याच उत्तम होत्या असे त्यांचा कट्टर चाहताही म्हणणार नाही. परंतु रहस्यकथा वाचणे म्हणजे स्वतः तपासात सामील होणे, ही सवय त्यांनी मराठी वाचकाला लावली, आणि तीच सवय घेऊन आम्ही चित्रपटगृहात येऊन बसतो. शिवाय प्रस्तुत लेखकाची हयात खानदेशातल्या एका न्यायालयाच्या दप्तरात, जबान्या, पंचनामे आणि मुद्देमालाच्या नोंदी हाताळण्यात गेली असल्यामुळे, पडद्यावर तपास चालू झाला की त्याचे लक्ष थोडे अधिक बारकाईने चालते, एवढे नमूद करून ठेवतो.

आता मूळ मुद्द्याकडे येतो. आपल्या पहिल्या भागाचे मोल कशात होते? जीतू जोसेफ यांच्या २०१३ च्या मल्याळम चित्रपटावरून उपेंद्र सिधये यांनी केलेले रूपांतर आणि निशिकांत कामत यांचे दिग्दर्शन घेऊन तो २०१५ च्या जुलै महिन्याच्या अखेरीस आमच्याकडे आला, तेव्हा मध्यंतरापूर्वीच आमच्या ध्यानात आले की ह्या कथेत गुन्हा कोणी केला हे लपवलेलेच नाही. मुलगी आत्मरक्षणार्थ वार करते, तिला छळणारा सॅम नावाचा पोरगा मरतो, तिचा बाप विजय साळगावकर पुरावा नाहीसा करतो, आणि हे सारे आम्ही पाहिलेले असते. रहस्यकथेची ही उलटी मांडणी काही नवी नाही. इंग्रज लेखक ऑस्टिन फ्रीमन याने १९१२ सालच्या आपल्या कथासंग्रहात ती प्रथम योजली, आणि तिचा सारा भार एकाच प्रश्नावर असतो, तो म्हणजे शोध घेणारा ह्या सत्यापर्यंत कसा पोहोचेल. आपण त्या प्रश्नाला न्याय दिला होता. सॅमची आई, पोलीस महानिरीक्षक मीरा देशमुख, विजयच्या साक्षीदारांना एकामागून एक बोलावते. खानावळवाला, लॉजचा व्यवस्थापक, बसचा वाहक, प्रत्येक जण शपथेवर सांगावे तसे सांगतो की दोन ऑक्टोबरला हे कुटुंब आपण पणजीस पाहिले. आणि सगळे हवालदिल झालेले असताना तिच्या ध्यानात येते की हे साक्षीदार खोटे बोलतच नाहीत. त्यांनी कुटुंब पाहिले हे खरे, प्रसंग घडले हेही खरे, परंतु त्या प्रसंगांवरची तारीख मात्र विजयने पुन्हा त्यांची भेट घेऊन, बोलण्याच्या ओघात, त्यांच्या मनात रुजवलेली आहे. तो क्षण मला आजही हिंदी चित्रपटातल्या तपासाच्या अत्युच्च क्षणांपैकी एक वाटतो. न्यायालयात मी असे साक्षीदार पुष्कळ पाहिले आहेत, जे कोणाच्या सांगण्यावरून बोलत नव्हते, लाच खाऊन बोलत नव्हते, आणि तरीही जे सांगत होते ते त्या दिवशी घडलेले नव्हते. मनुष्याच्या स्मृतीचा हा स्वभाव ओळखून त्यावर कथानक उभारणे आणि मग तो ओळखण्याचे श्रेय प्रतिपक्षाच्या स्त्रीला देणे, ह्याला मोठे मन लागते.

आणि त्या भागाचा शेवट! प्रेत कोठे आहे एवढी एकच गोष्ट आपण आमच्यापासून दडवली होती, पण ज्या इमारतीखाली ते पुरलेले होते, ती नव्या पोलीस ठाण्याची इमारत पहिल्या दृश्यापासून आमच्यासमोर होती. म्हणजे उत्तर आमच्या हाती दिलेलेच होते. आम्ही ते वाचले नव्हते. हा सचोटीचा व्यवहार झाला.

दुसऱ्या भागाविषयी तक्रार मांडण्यापूर्वी त्याचे जे देणे आहे ते देऊन टाकतो, कारण तो भाग मी पहिला तासभर अत्यंत तन्मयतेने पाहिला. सात वर्षे लोटली तरी गुन्हा घरातून गेलेला नाही, थोरल्या मुलीला फेफऱ्याचे झटके येतात, पोलिसांची गाडी नुसती रस्त्याने गेली तरी आईच्या चेहऱ्याचा रंग उतरतो, आणि गावातले लोक, ज्यांनी पूर्वी ह्या कुटुंबाची बाजू घेतली होती तेच, आता चहाच्या टपरीवर त्याच्याविषयी वाटेल ते बोलतात, हे सर्व आपण घाई न करता दाखवले. रहस्यपटाच्या दुसऱ्या भागात बहुधा पहिल्यापेक्षा मोठा गुन्हा आणि अधिक प्रेते योजण्याची प्रथा आहे. आपण ती मोडून त्याच एका मृत्यूचे परिणाम तपासले, ह्याबद्दल आपले अभिनंदन केले पाहिजे. श्रीमती तब्बू यांनी साकारलेली माता मीरा आणि रजत कपूर यांचा पिता ह्या दोघांचे दुःख तर पहिल्या भागाहूनही खोल उतरले आहे. अपराध्याला शिक्षा नको, निदान मुलाचा देह कोठे आहे ते सांग, म्हणजे आम्हांला त्याचे अंत्यसंस्कार करता येतील, अशी विनवणी करणारा बाप पडद्यावर उभा राहिला तेव्हा मी पाहत असलेल्या खेळाला शेजारच्या खुर्च्यांवरची कुजबूज थांबली होती.

असे असूनही माझे मन विटले ते तपासापाशी. अक्षय खन्ना यांनी उभा केलेला तरुण अहलावत नावाचा पोलीस अधिकारी बोलण्यात तल्लख आहे, त्याची नजर धारदार आहे, त्याच्या पदार्पणाबरोबर चित्रपटाची गती वाढते, परंतु हा गृहस्थ शोधतो काय, असा प्रश्न मी स्वतःला केला तेव्हा उत्तर मिळेना. शेजारी म्हणून आणून ठेवलेले पोलीस घरात ध्वनियंत्रे लपवतात आणि आईच्या तोंडून निसटलेले शब्द टिपतात. तुरुंगातून सुटून आलेला एक माणूस, जो त्या विवक्षित रात्री दुसऱ्याच एका गुन्ह्यातून पळ काढताना त्या विवक्षित इमारतीपाशी लपलेला होता, तो येऊन सांगतो की मी विजयला तेथून बाहेर पडताना पाहिले. आणि बाकीचे काम दमदाटीने होते. मीरेच्या त्या एका अनुमानाच्या तोडीचे एकही अनुमान ह्या साऱ्या खटाटोपात नाही. रोनल्ड नॉक्स नावाच्या एका इंग्रज धर्मोपदेशकाने, जो स्वतः रहस्यकथाकार होता, १९२९ साली ह्या प्रकारच्या लेखनाचे दहा नियम घालून दिले, आणि त्यांत दोन नियम असे आहेत की शोधकाला केवळ योगायोगाने काही सापडता कामा नये, व त्याला जो दुवा सापडेल तो तत्क्षणी वाचकापुढे ठेवला पाहिजे. शंभर वर्षे होत आली तरी ते दोन्ही नियम जुने झालेले नाहीत, कारण ते कोणा पंडिताच्या लहरीतून निघालेले नसून वाचकाच्या विश्वासातून निघालेले आहेत.

ह्या संदर्भात आमच्या मुलखातली एक जुनी गोष्ट आपल्या नजरेस आणतो, जी आपल्या पटकथालेखकांना कदाचित उपयोगी पडेल. खानदेशच्या गावगाड्यात जागल्याचे काम बहुतकरून भिल्लांकडे असे. चोरी झाली की जागल्याने माग काढावयाचा, हे त्याचे कर्तव्य. चोराचे पाऊल जेथे स्पष्ट उमटले असेल तेथे ते वाऱ्याने किंवा गुरांच्या खुरांनी पुसले जाऊ नये म्हणून त्यावर टोपली पालथी घालून ठेवीत, काडीने पावलाची लांबी मोजून घेत, आणि तीच काडी घेऊन नाल्याच्या रेतीतून, नांगरलेल्या वावरातून, खडकाळ माळावरून तो माणूस पुढे सरकत जाई. माग गावाच्या शिवेवर पोहोचला की पुढच्या गावच्या जागल्याला बोलावून त्याच्या देखत तो त्याच्या स्वाधीन करावयाचा, आणि तेथून पुढची जबाबदारी त्या गावाची. ज्या गावाला माग आपल्या शिवेबाहेर काढून देता आला नाही, त्याच्यावर चोरीच्या भरपाईचा बोजा. १८२५ साली औट्रम ह्या ब्रिटिश अधिकाऱ्याने धरणगावास भिल्ल पलटण उभी केली, त्यापूर्वीपासून चालत आलेली ही रीत. ह्या पद्धतीतली मला सर्वांत मोलाची वाटणारी गोष्ट ही की माग चारचौघांच्या समक्ष चाले. पाऊल कोठले, काडीचे माप जुळले की नाही, हे बरोबरचे लोक वाकून पाहू शकत. जागल्याने शिवेवर जाऊन एकदम चोराचे नाव जाहीर केले असते तर दुसऱ्या गावाने ते मानले नसते, आणि मानू नये हेच रास्त होते.

आपल्या दुसऱ्या भागात ह्याच्या नेमके उलट घडले आहे, आणि हे माझे दुसरे गाऱ्हाणे. विजय एका पटकथालेखकाला भेटतो, स्वतः काढू पाहत असलेल्या चित्रपटाच्या शेवटाविषयी त्याच्याशी खल करतो, एवढे आपण दाखवलेत. त्याबद्दल आपणांवर अप्रामाणिकपणाचा आरोप कोणी करू शकणार नाही. परंतु स्मशानातल्या खड्डे खोदणाऱ्याशी वर्षानुवर्षे जोडलेला स्नेह, शवचिकित्सेच्या ठिकाणच्या रखवालदाराशी वाढवलेला घरोबा, सांगाड्यांची अदलाबदल, ही सारी पूर्वतयारी आपण गुंडाळून ठेवलीत आणि अखेरीस त्या लेखकाच्या भूमिकेतल्या सौरभ शुक्ला यांच्या तोंडून, एका बैठकीत, कथेच्या रूपाने आमच्यापुढे ओतलीत. सौरभ शुक्ला यांची कथनशैली इतकी रसाळ आहे की ऐकताना भान राहत नाही; पण भान परत येते तेव्हा लक्षात येते की ज्या माणसाबरोबर आपण सात वर्षे भयभीत होऊन बसलो होतो, तो मुळी भयभीत नव्हताच, त्याची व्यवस्था केव्हाच लागलेली होती, आणि आमच्या भीतीचा उपयोग केवळ आम्हांला अंधारात ठेवण्यासाठी केला गेला. पहिल्या भागात आम्ही विजयचे साथीदार होतो. दुसऱ्यात आम्हांला साथीदाराच्या जागेवरून उठवून पोलिसांच्या बाकावर बसवले, आणि तसे केल्याचे कळूही दिले नाही. आमच्या मागल्या रांगेतला एक तरुण दिवे लागताना आपल्या सोबत्याला अहिराणीत म्हणाला, “हाई तं त्यानी आपले सांगंच नही भो!” समीक्षकांच्या स्तंभांतून जे वाचावयास मिळाले नाही ते त्या एका वाक्यात होते.

आपला चित्रपट आला त्या दिवसांत आमच्याकडे भरताच्या वांग्यांचा हंगाम ऐन भरात असतो. मळ्यात काड्यांच्या जाळावर वांगी भाजून, ती लाकडी भांड्यात ठेचून, कळण्याच्या भाकरीबरोबर मंडळी जेवावयास बसली की ज्याला जो विषय सुचेल तो निघतो, आणि त्या वर्षी कित्येक पंगतींत आपला चित्रपट निघाला. शेवट अचाट आहे ह्यावर एकमत होते. मात्र पहिल्या भागानंतर लोक ज्या प्रकारे एकमेकांना विचारीत असत की हे तुझ्या केव्हा लक्षात आले, तो प्रश्न ह्या वेळी कोणी कोणाला विचारला नाही, कारण लक्षात येण्याजोगे समोर ठेवलेलेच नव्हते.

आता जरा दप्तरी भाषेत बोलतो. ठाण्याखाली पुरलेला सांगाडा पोलिसांच्या हाती लागल्यावर पुढे काय होते, हे आपल्या पटकथेत इतके घाईने उरकले आहे की ज्याने मुद्देमालाच्या खोलीची किल्ली सांभाळली आहे त्याला चैन पडू नये. जप्तीच्या वेळी दोन पंच उभे करतात. वस्तू कोठे, किती खोलीवर, कशा स्थितीत मिळाली, ते पंचनाम्यात उतरते. मग ती कापडात किंवा खोक्यात बांधून दोऱ्याच्या गाठीवर लाख वितळवतात आणि लाख ऊन असतानाच तिच्यावर मोहोर दाबतात. पंचांच्या सह्यांची चिठ्ठी वर डकवली जाते. तीच मोहोर एका कोऱ्या कागदावर नमुन्यादाखल उमटवून पत्रासोबत प्रयोगशाळेकडे रवाना होते, आणि तेथला परीक्षक आपल्या अहवालात आरंभीच नोंदवतो की गाठोड्यावरच्या मोहोरा शाबूत होत्या व नमुन्याबरहुकूम होत्या. म्हणजे सांगाडा बदलणे हे निम्मेच काम झाले. मोहोर बदलल्याशिवाय किंवा मोहोर होण्यापूर्वी डाव साधल्याशिवाय दुसरे निम्मे होत नाही. एका रखवालदाराची मैत्री ह्याला पुरी पडेल काय? आपण म्हणाल, प्रेक्षकाला लाखेत काय रस! मी अत्यंत गांभीर्याने सांगतो की रस त्या लाखेतच होता. विजयने ती अडचण कशी ओलांडली हे आपण पंधरा मिनिटे दाखवले असते, तर श्वास रोखून पाहिले असते लोकांनी. विद्वत्तेचे प्रदर्शन म्हणून हे लिहीत नाही. व्यवस्थेच्या बारकाव्यांतच तिला चकवणाऱ्याची खरी बुद्धिमत्ता दिसते, आणि ती दाखवण्याची संधी आपण घालवलीत.

तीच गोष्ट कबुलीजबाबाची. विजय कुटुंबाला वाचवण्यासाठी पोलिसांसमोर अपराध कबूल करतो, आणि चित्रपट त्या क्षणाला निर्णायक मानतो. कथेचा काळ ज्या १८७२ च्या पुराव्याच्या कायद्याखाली येतो, त्याचे २५ वे कलम सांगत होते की पोलीस अंमलदारापुढे दिलेला कबुलीजबाब आरोपीविरुद्ध शाबीत करता येत नाही. इतका धूर्त विजय हे जाणून कबुली देतो, असे आपण सुचवले असते तर प्रसंगाला केवढी धार आली असती! तो कायदा जाणतो की भीतीने बोलतो, हे संदिग्धच राहिले.

चौकशीच्या प्रसंगांविषयी मात्र मला अधिक कळकळीने बोलावयाचे आहे. साक्षीदार म्हणून चौकशी करावयाची असली तरी स्त्रीला ती जेथे राहते त्या जागेखेरीज अन्यत्र हजर राहावयास लावू नये, अशी तरतूद फौजदारी प्रक्रिया संहितेच्या १६० व्या कलमात होती. १९९६ च्या डी. के. बसू निकालात अटक व कोठडी यांबाबत सर्वोच्च न्यायालयाने निर्देश घालून दिले, आणि २०२० च्या डिसेंबरात प्रत्येक पोलीस ठाण्यात कॅमेरे बसवण्याचा हुकूम झाला. पोलीस हे नियम मोडतात हे दाखवू नका, असे मी म्हणत नाही. दाखवलेच पाहिजे, कारण ते सत्य आहे. कमलेश सावंत यांचा पोलीस गायतोंडे पहिल्या भागात विजयच्या लहानग्या मुलीवर, अनूवर, हात उगारतो तेव्हा प्रेक्षागृहाच्या अंगावर काटा आला होता, आणि तो काटा नीतीचा होता. दुसऱ्या भागात अधिकारी मुलींना कोंडीत पकडतात, त्या वेळी कॅमेरा कोणाच्या बाजूस उभा आहे हे मला कळेनासे झाले. नियम मोडला जात आहे एवढे सांगणारी एखादी महिला शिपाई, एखादा वकील, एखादी नोंदवही, काहीही चालले असते. दमदाटी हीच तपासाची रीत, असे मानून गावोगावची पोरे चित्रपटगृहाबाहेर पडू नयेत, अशी माझी इच्छा आहे.

आणखी एक खंत, जी आम्हां मराठी प्रेक्षकांपुरती आहे. आपल्या पात्रांची आडनावे साळगावकर, देशमुख, गायतोंडे, भूमी गोव्याची, पहिल्या भागाचे दिग्दर्शक निशिकांत कामत, ज्यांनी ‘डोंबिवली फास्ट’ केला आणि ज्यांचे १७ ऑगस्ट २०२० रोजी अकाली निधन झाले. इतके सगळे आमचे असताना ह्या घरात, स्वयंपाकघरात, नवराबायकोच्या रात्रीच्या हलक्या बोलण्यात, मराठी वा कोंकणीचा वास असू नये काय? हिंदी चित्रपट हिंदीतच असणार, हे मान्य. पण १९६४ साली राजा परांजपे यांनी ‘पाठलाग’ काढला, त्यातले रहस्य दोन वर्षांनी ‘मेरा साया’ होऊन हिंदीत गेले, आणि आम्ही त्याचा अभिमान बाळगला. तो इतिहास असलेल्या प्रेक्षकाला आपल्या मुलखाची नावे केवळ पाट्यांवर पाहून समाधान होत नाही. ‘फास्टर फेणे’ २०१७ साली पडद्यावर आला, भा. रा. भागवतांचा तो चपळ पोरगा मोठा होऊन वैद्यकीय प्रवेशपरीक्षेतल्या गैरव्यवहाराचा माग काढताना दिसला, आणि त्याचा पुढला भाग येईल म्हणून आमची मुले वाट पाहत राहिली. तो आला नाही. जेथे दुसरा भाग यावा तेथे तो येत नाही, हेही ह्या निमित्ताने मराठी निर्मात्यांच्या कानांवर जावे.

पुढचा भाग कसा असावा हे सांगण्याचा माझा अधिकार नाही, परंतु मागणे मागण्याचा आहे. सत्यजित राय यांनी १९७४ साली ‘सोनार केल्ला’ केला आणि १९७९ साली ‘जय बाबा फेलुनाथ’. माणसे तीच, गुप्तहेर फेलुदा आणि त्याचे सोबती तोपसे, लालमोहनबाबू, पण राजस्थान जाऊन बनारस आले, गुन्हा नवा आला, आणि पहिल्या चित्रपटात प्रेक्षकाला जे दिले होते त्यातले काहीही दुसऱ्याने परत मागितले नाही. आपली कथा त्या प्रकारची नाही, ती एकाच मृत्यूला बांधलेली आहे, हे मी विसरत नाही. म्हणूनच तिसऱ्या भागात आधीच्या दोन भागांतल्या घटना पुन्हा एकदा उलट्या करून ‘खरे तर असे झालेच नव्हते’ असे आम्हांला सांगू नका, ही माझी पहिली विनंती आहे. एकदा केलेली ती गोष्ट चमत्कार वाटली. दुसऱ्यांदा केली तर प्रेक्षक पडद्यावरच्या कोणत्याच दृश्यावर विश्वास ठेवणार नाही, आणि ज्या चित्रमालेचे नावच ‘दृश्यम’ आहे तिची ती मोठीच हानी होईल. दुसरी विनंती अशी की मीरा देशमुख हिला तिची बुद्धी परत द्या. दुसऱ्या भागात ती केवळ शोकग्रस्त माता होऊन राहिली. शोक खराच होता, परंतु साक्षीदारांच्या खऱ्या बोलण्यातले खोटे जिने ओळखले, ती स्त्री सांगाड्याच्या अहवालापुढे एवढी हतबुद्ध होऊन बसेल, हे मनाला पटत नाही. तिने माग काढावा, पाऊलखुणा आमच्या देखत मोजाव्यात, आणि आम्ही तिच्या आधी पोहोचलो तरी चालेल.

शेवटची विनंती त्या तिसऱ्या कुटुंबाविषयी आहे, जे चित्रपटात जवळजवळ नाहीच. सॅमचा सांगाडा दडवण्यासाठी विजयने जो दुसरा सांगाडा शवचिकित्सेच्या ठिकाणी ठेवला, तो कोणा तरी तरुणाचा होता, साधारण त्याच वयाचा. डीएनए जुळत नाही आणि खटला कोसळतो तो त्या मुलाच्या अस्थींमुळे. सॅमच्या बापाने टाहो फोडून मुलाचे अवशेष मागितले, आणि ते रक्षेच्या रूपाने त्याला अखेर मिळाले, ह्याबद्दल मला आपला आदर वाटतो. पण त्या दुसऱ्या मुलाची आई आम्हांला मीरेसारखी भेटत नाही. ज्या मातीत तिने त्याला ठेवले त्या मातीत तो नाही, हे तिला ठाऊक नसेल. न्यायालयाच्या कामकाजात खटल्याचा निकाल लागला की अखेरच्या परिच्छेदात मुद्देमालाच्या विल्हेवाटीचा हुकूम असतो. फौजदारी प्रक्रिया संहितेच्या ४५२ व्या कलमाने तो करावयाचा असे, आणि असे हुकूम अमलात आणणे हे माझ्या नोकरीतले काम होते. सुरी नष्ट करावी, दागिने फिर्यादीस द्यावेत, रोख रक्कम सरकारजमा करावी, असे त्यात लिहिलेले असते. त्या बेवारस अस्थी आज आपल्या कथेत कोणत्या तरी कोठारात, चिठ्ठी डकवलेल्या खोक्यात पडून असतील. त्यांचा हुकूम लिहिण्यासाठी कोणा तरी अधिकाऱ्याला त्या मुलाचे नाव शोधावे लागेल. स्मशानाच्या नोंदवहीपासून आरंभ करून घरापर्यंत जावे लागेल. आणि तो माग प्रामाणिकपणे काढला तर तो विजय साळगावकराच्या दारावरून गेल्यावाचून राहणार नाही. तिसऱ्या भागाचा तपास तेथून सुरू करावा, एवढे मागणे आपणांपाशी आहे.



आपला,
न्यायालयाच्या सेवेतून निवृत्त झालेला एक चित्रपटप्रेमी
धुळे